सौ. घसरल्या

शरदचंद्र दातारांच्या प्रवासवर्णनाशिवाय एडमंटनच्या मैत्र मंडळाचा दिवाळी अंक निघत नसे, आणि त्या प्रवासवर्णनात 'सौ.'ची फजिती झाल्याशिवाय ते संपत नसे. रोमला सौ. चुकल्या आणि चार तासांनी एका चर्चच्या पायरीवर सापडल्या. नायगाऱ्याला सौ. रुसल्या आणि रेनकोटसकट बाकावर बसून राहिल्या. बॅन्फला सौ.नी लांबून अस्वलाच्या पिल्लाला कुत्रा समजून चुचकारलं. लोक वाचताना हसायचे, आणि मग मंडळाच्या पॉटलकच्या जेवणाला शीला समोर आली की पुन्हा हसायचे. "काय सौ., यंदा कुठे हरवायचा बेत?" असं कुणीतरी विचारायचंच. शीला मसालेभाताचा ट्रे हातात धरून हसायची. चौदा वर्षं ती हसत होती.

रोमला ती चुकली नव्हती. नकाशा हॉटेलात विसरला म्हणून शरदचंद्रने तिला त्या पायरीवर उभं केलं होतं आणि 'हललीस तर बघ' असं सांगून तो जेवायला गेला होता. नायगाऱ्याला ती रुसलीही नव्हती. कानावर बसलेल्या फटक्याने तोल जात होता, म्हणून बसली होती. त्या कानाने तिला अजून कमी ऐकू येतं. अस्वलाचं मात्र खरं होतं.

शरदचंद्र म्हणजे चोपन्न वर्षांचा, उंच, भारदस्त, पाइपलाइनचं डिझाइन करणाऱ्या कंपनीतला बडा इंजिनियर. मंडळात त्याला सगळे शरदराव म्हणत. आपण अरे-तुरेच करू, त्याहून जास्त मान द्यायला माझा हात धजत नाही. आवाज गोड, बोलणं मिठ्ठास, लेखणी तर त्याहून मिठ्ठास. सूर्यास्तावर दोन-दोन पानं लिहायचा. असा माणूस घरी बायकोवर हात उचलत असेल, असं मंडळातल्या कुणाच्या मनातही येत नसे. ज्यांच्या मनात आलं, त्यांनी ते झटकून टाकलं.

अशांत एक जयंतीताई. डोंबिवलीच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून मुलाकडे राहायला आलेल्या. मंडळाच्या कार्यक्रमात लेख वाचून दाखवावा तर त्यांनीच. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी शीला त्यांच्या स्वयंपाकघरात गेली, स्वेटरची बाही वर केली आणि दंडावरचे काळेनिळे वळ दाखवले. "हे मारतात मला," एवढंच म्हणाली. जयंतीताई त्या वळांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, शरदराव? इतकं हळुवार लिहिणारा माणूस? कामाचं टेन्शन असेल गं. तुझंही काही चुकलं असेल." आणि निघताना बेसनाच्या लाडवांचा डबा तिच्या हातात ठेवला. शीलाने तो डबा घरी नेला, धुऊन परत केला आणि त्यानंतर कुणापाशी चकार शब्द काढला नाही.

आता एक गंमत ऐका. हा थोर लेखक स्वतः एक ओळही टाइप करत नसे. मराठी टायपिंग हे त्याच्या मते कारकुनाचं काम. शीला लग्नाआधी पुण्यात पाटबंधारे खात्यात टंकलेखक होती, चाळीसच्या वेगाची परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेली. त्यामुळे दरवर्षी सप्टेंबर उजाडला की तो बेसमेंटमध्ये हात पाठीमागे बांधून येरझारा घालायचा आणि सांगायचा, आणि ती लॅपटॉपवर उतरवून घ्यायची. मग प्रिंट काढायची, तो लाल पेनने तपासायचा, ती दुरुस्त करायची आणि त्याच्याच ईमेलवरून संपादकाला पाठवायची. त्याचा पासवर्ड त्याला स्वतःला आठवत नसे. तिला पाठ होता.

दोन हजार नऊच्या जूनमध्ये ती दोघं ऑस्ट्रियाला जाऊन आली. साल्झबर्ग आणि भोवतालची तळी, दहा दिवस. सप्टेंबरमधल्या एका शनिवारी दुपारी बेसमेंटमध्ये सांगणं सुरू झालं. शीलाच्या डाव्या मनगटाचं प्लास्टर ऑगस्टमध्ये निघालं होतं, पण हात अजून पुरता वळत नव्हता. त्यामुळे वेग पडला होता, आणि त्याबद्दल बसल्यापासून दोनदा बोलणी खाऊन झाली होती.

"लिही," तो म्हणाला. "साल्झबर्ग! नदीच्या दोन्ही तीरांवर विसावलेलं, आणि डोंगरमाथ्यावरच्या किल्ल्याने मायेची पाखर घातलेलं नगर. घुमटांच्या हिरव्या रंगावर सकाळचं ऊन उतरतं, तेव्हा वाटतं, ईश्वराने फुरसतीने..."

तिची बोटं चालत होती. घुमटांचा हिरवा रंग तिलाही आठवत होता. त्याच सकाळी, त्या सुंदर बागेत फुलांच्या ताटव्यांपाशी, बसचं तिकीट पर्समध्ये चटकन सापडलं नाही म्हणून त्याने तिची करंगळी मागे दाबून धरली होती. चेहरा हसरा ठेवून. समोरून एक जपानी जोडपं फोटो काढत जात होतं आणि त्यांना वाटलं असणार, या वयातही काय प्रेमाने हात धरलाय.

"सेंट गिल्गेनहून बोटीने निघालो," तो सांगत होता. "तळ्याचं पाणी असं, की त्यात आकाश धुऊन वाळत घातलंय. पल्याड शाफबर्गचा डोंगर. दातेरी रुळांवरून धापा टाकत चढणारी ती चिमुकली गाडी! आणि माथ्यावरून एकाच वेळी दिसणारी कितीतरी तळी! शब्द थिटे पडतात."

शब्द थिटे पडत होते हे खरं. त्या माथ्यावर त्याने तिला स्वतःचा फोटो काढायला सांगितलं, मागे सगळी तळी आली पाहिजेत असं बजावून. तळी आली, त्याचं कपाळ कापलं गेलं. त्याने कॅमेरा पाहिला. आजूबाजूला माणसं होती, म्हणून हसला. मग तिचा दंड धरून पायवाटेने पुढे घेऊन गेला, वळणाआड, जिथे कुंपण संपत होतं. तिथे मागून तिची मान पकडली आणि तिला कड्यावरून पुढे वाकवलं. खाली काहीच नव्हतं. फार खाली झाडी आणि एक तळं. तिचा डावा पाय सुटला. तिने गवताचा झुपका मुठीत धरला आणि तो मुळासकट हातात आला. "इथून सोडलं ना," तो तिच्या चांगल्या कानापाशी अगदी शांतपणे म्हणाला, "तर ओरडणंसुद्धा कुणाला ऐकू जायचं नाही. पाय घसरला म्हणायचं, झालं."

तेवढ्यात वळणावर पोरांचे आवाज आले. त्याने तिला मागे ओढलं. आलेल्या कुटुंबाला तो इंग्रजीत म्हणाला, की माझ्या बायकोला उंचीची भीती वाटते. त्यांच्यातल्या बाईने शीलाला पाणी दिलं.

मनगट मात्र संध्याकाळी मोडलं, हॉटेलच्या बाथरूममध्ये. कड्यावर अर्धवट राहिलेला राग होता तो. त्याने तिचा हात टबाच्या काठावर ठेवला, वर गुडघा ठेवला आणि भार दिला. काटकी मोडावी तसा आवाज झाला. तिने तोंडात टॉवेल कोंबला होता, स्वतःच. शेजारच्या खोलीत माणसं होती ना! दवाखान्यात त्याने सांगितलं, तळ्याकाठी सेंट वोल्फगांगच्या ओल्या लाकडी धक्क्यावर घसरली. तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याचं ऐकून घेतलं, मग त्याच्याकडे पाठ करून शीलाला विचारलं, "इज दॅट राइट?" शीला म्हणाली, "येस."

"आता इथे जरा विनोद हवा," बेसमेंटमध्ये शरदचंद्र थांबून म्हणाला. "हं. लिही. आणि मग तो ऐतिहासिक क्षण आला! सेंट वोल्फगांगच्या धक्क्यावर आमच्या सौ. घसरल्या! हात मोडून घेतला, पण पर्समधली चॉकलेटं मात्र शाबूत! डॉक्टर आधी हाताकडे बघतोय, आणि सौ. आधी चॉकलेटं मोजतायत..." आणि तो हसला. मनापासून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

शीलाची बोटं थांबली. चौदा वर्षांत ती कधी थांबली नव्हती.

"एवढं गाळलं तर?" तिने विचारलं.

त्याचं हसू तिथल्या तिथे थांबलं. तो टेबलापाशी आला. त्याने काही विचारलं नाही, आवाजही चढवला नाही. लॅपटॉपचं झाकण तिच्या बोटांवर मिटलं आणि दोन्ही तळहातांनी, सगळं अंग टाकून दाबलं. ती किंचाळली. त्याने आणखी दाबलं. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची नखं काळी पडली, एकाखालून रक्त आलं. मग त्याने झाकण उघडलं, खिशातला रुमाल काढून कीबोर्डवरचं रक्त पुसलं आणि येरझारा पुन्हा सुरू केल्या.

"आमच्या सौ. घसरल्या," तो म्हणाला. "उद्गारचिन्ह. आणि हो, पुढच्या जूनचं बुकिंग केलंय मी. नॉर्वे. तिथले कडे म्हणे सरळ समुद्रात उतरतात." तो तिच्याकडे पाहून हसला. "दर वेळी मागे ओढायचाही कंटाळा येतो गं माणसाला."

 त्या वाक्याने शीलाला कळून चुकलं की पुढच्या दिवाळी अंकात सौ. नसतील. असेल ते एक हळुवार मृत्युलेखासारखं पान, काळ्या चौकटीत, आणि ते वाचून सगळं मंडळ रडेल. जयंतीताई वाचतील. फार सुंदर वाचतील.

सोमवारी तो ऑफिसला गेला. तपासलेली प्रिंट टेबलावर होती, खाली लाल पेनने 'उत्तम' लिहिलेलं. शीलाने दुरुस्त्या केल्या. मग पाठवायचं बटण दाबायच्या ऐवजी ती पहिल्या पानावर परत गेली आणि लिहू लागली.

त्याचा एकही शब्द तिने खोडला नाही. घुमट, ऊन, आकाश वाळत घातलेलं तळं, सगळं जसंच्या तसं ठेवलं. फक्त प्रत्येक वर्णनाखाली, त्याच्याच शैलीत, 'मी' म्हणूनच, जे झालं ते लिहिलं. बागेखाली बाग, कड्याखाली कडा. चौदा वर्षं त्याची वाक्यं उतरवली होती. त्याचा श्वास कुठे अडतो, उद्गारचिन्ह कुठे पडतं, सगळं तिच्या बोटांत मुरलं होतं. दुखरी बोटं वर धरून, उरलेल्या बोटांनी, जेवणखाण विसरून ती चार तास लिहीत होती. लिहिताना तिला चक्क बरं वाटत होतं. एका ठिकाणी शब्द जमेना तर तिने तीनदा बदलला. खोटं कशाला सांगा, तिला मजा येत होती.

संपादक नंदनला लेख त्याच्या ईमेलवरून गेला. नंदन हा तिशीतला सॉफ्टवेअरवाला पोरगा, नागपूरचा. दोन वर्षांपूर्वी त्याने शरदचंद्रच्या लेखातला एक शब्द बदलला होता, तर भर सभेत शरदचंद्रने त्याचा असा पाणउतारा केला होता की बिचाऱ्याच्या बायकोला रडू फुटलं. तेव्हापासून दातारकाकांचा लेख तो न वाचता पानात ओतायचा आणि पुढे जायचा. लगेच उत्तर आलं: 'मिळाला काका. एक अक्षरही बदलणार नाही.'

मग तिने मुलीला फोन लावला. ऊर्मी दूर बर्नाबीला युनिव्हर्सिटीत शिकत होती. वर्षभर फोनवर ती फक्त हवामानाचं बोलायची, कारण दुसरं काही बोललं की रागावून रडायची.

"तुझ्याकडे येऊ का राहायला?" शीलाने विचारलं.

"मॉम, आर यू सीरियस? लाइक, फॉर रिअल धिस टाइम?"

"हो. ऑक्टोबरच्या चोवीस तारखेला. संध्याकाळी."

"व्हाय नॉट टुडे? मॉम, प्लीज. जस्ट गेट इन अ कॅब."

"आज गेले तर लोक म्हणतील, सौ. पुन्हा हरवल्या," शीला म्हणाली. "मला त्या दिवशीच यायचंय. दुपारी आमचा दिवाळीचा कार्यक्रम आहे." ऊर्मीला यातलं अर्धंच कळलं. पण फोन ठेवायच्या आत तिने विमानाचं तिकीट काढलं होतं.

तो महिना शीलाने कसा काढला ते तिचं तिला माहीत. तो लॅपटॉपकडे गेला तरी ती हातातलं काम टाकून मागोमाग जायची. पण छापून येण्याआधी लेख परत बघायची त्याची पद्धत नव्हती. एकदा 'उत्तम' म्हटलं की त्याला ते अंतिम. त्या महिन्यात त्याने तिला दोनदा मारलं. एकदा वरणात मीठ जास्त पडलं म्हणून, आणि एकदा कशाला ते तिला कळलंच नाही.

चोवीस तारखेला शनिवार होता. सकाळी बर्फ पडून दुपारी त्याचा चिखल झाला होता. भाड्याच्या कम्युनिटी हॉलच्या दारात दीडशे माणसांचे बूट आणि आत दीडशे माणसांच्या जरीच्या साड्या, कुर्ते, अत्तरं. शीलाची योजना सरळ होती. अंकाचं प्रकाशन तीनला. त्यानंतर लगेच जयंतीताईंचं वाचन. साडेतीनला मागच्या दाराशी टॅक्सी. पासपोर्ट पर्समध्ये, दोन साड्या आणि औषधं खांद्यावरच्या पिशवीत. जयंतीताई दुसऱ्या पानावर गेल्या की वॉशरूमला जायचं म्हणून उठायचं आणि निघायचं. ती तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची धरून बसली. शरदचंद्र पहिल्या रांगेत, मधोमध, मोती रंगाच्या झब्ब्यात.

मंडळाचे अध्यक्ष रवींद्र आपटे यांनी अंकाचा गठ्ठा रंगीत कागदातून सोडवला, फोटो निघाले, एक प्रत जयंतीताईंच्या हातात आली. बाकीच्या जेवणानंतर वाटायच्या होत्या. आधी न चाळता थेट वाचण्यात जयंतीताईंचा हातखंडा. त्यांनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि सुरुवात केली.

"साल्झबर्ग! नदीच्या दोन्ही तीरांवर विसावलेलं..."

सभागृह सुखावून ऐकू लागलं. घुमट आले, ऊन आलं, बाग आली. "ताटव्यांतून चालताना सौ.ना बसचं तिकीट सापडेना," जयंतीताईंनी वाचलं, आणि लोक आधीच हसू लागले. आल्या बरं का सौ.! "मग मी काय केलं असेल? मी त्यांची करंगळी हातात घेतली आणि मागे दाबली. मोडेल इतकी नाही, दुखेल इतकी! या कामात माझा हात धरणारा कुणी नाही."

हशा पिकला. खरंच पिकला. शरदचंद्र शेजाऱ्याशी काहीतरी कुजबुजत होता, हशा ऐकून त्याने सवयीने मान लववली.

शीलाने घड्याळ पाहिलं. तीन सव्वीस. उठायला हवं होतं. पण जयंतीताई आता बोटीतून तळ्यात शिरल्या होत्या, आणि पुढचा परिच्छेद शीलाचा होता, तो तीनदा बदललेला शब्द असलेला. तिच्या मनात आलं, एवढं एक ऐकू. आयुष्यात पहिल्यांदा तिचं लिहिलेलं कुणीतरी चारचौघांत वाचत होतं, आणि त्या शहाण्या बाईला तेवढा मोह आवरला नाही. लेखकाच्या घरात राहून तेवढी लागण व्हायचीच.

"...माथ्यावरून दिसणारी कितीतरी तळी! शब्द थिटे पडतात. म्हणून मी हाताने बोललो. फोटोत माझं कपाळ कापलं गेलं होतं. मी सौ.ना वळणाआड नेलं, मान पकडली आणि कड्यावरून खाली वाकवलं. त्यांचा पाय सुटला. मी म्हटलं, इथून सोडलं तर..."

जयंतीताईंचा आवाज अडखळला. कुणीतरी एकटंच हसलं आणि चपापून थांबलं. जयंतीताईंनी चष्मा वर सारला, डोळे पुसले, आणि वाचत राहिल्या. शाळेतल्या बाईंच्या त्या स्वच्छ, खणखणीत आवाजात टबाचा काठ आला, गुडघा आला, तोंडात कोंबलेला टॉवेल आला. "दवाखान्यात मी सांगितलं, धक्क्यावर घसरली. चौदा वर्षं तुम्हालाही हेच सांगत आलो. रोमला मी तिला उभं केलं होतं. नायगाऱ्याला मी तिच्या कानावर मारलं होतं. तुम्ही काय हसलात! लेखकाला आणखी काय हवं?"

शरदचंद्र उभा राहिला. "हे माझं नाही!" तो ओरडला. "मी हे लिहिलेलं नाही! नंदन, काय छापलंस हे?"

नंदन भिंतीला टेकून उभा होता, पांढराफटक. "काका, तुमच्याच ईमेलवरून आलंय," तो म्हणाला. "मी एक अक्षरही बदललं नाही."

शरदचंद्र वळला. त्याची नजर तिसऱ्या रांगेवर आली. शीला तेव्हा उठली, पिशवी खांद्याला लावली. फार उशीर झाला होता. तो खुर्च्या ओलांडत नाही, खुर्च्या पाडत आला. तिने दोन पावलं टाकली आणि त्याने मागून तिचा अंबाडा धरला.

पहिला फटका तोंडावर बसला. दुसरा त्याच कानावर. ती खाली गेली तर त्याने डावा हात धरून तिला वर ओढलं, तोच हात, आणि मनगटातून कळ थेट डोक्यात गेली. "लिहितेस?" तो ओरडत होता. "तू लिहितेस? माझं नाव लावून लिहितेस?" प्रत्येक प्रश्नाला एक फटका. तिचं डोकं खुर्चीच्या कडेवर आपटलं, नाकातून रक्ताची धार लागली. तो गोड आवाज कुठल्या कुठे गेला होता. दीडशे माणसं उभी होती आणि पहिले काही क्षण कुणी हललं नाही, कारण शरदराव असं करत नाहीत हे सगळ्यांना पक्कं माहीत होतं. त्याने लाथ उचलली ती तिच्या बरगडीत बसली. मग नंदन धावला. त्याने काकांना मागून कव घातली, काकांनी कोपराने त्याचा ओठ फोडला, तरी पोराने सोडलं नाही. आणखी तिघांनी मिळून त्याला जमिनीवर दाबून धरलं. तरीही तो पाय झाडत होता आणि म्हणत होता, "सोडा, माझी बायको आहे ती!"

हॉलची देखभाल करणारी म्हातारी युक्रेनियन बाई दारातून हे बघत होती. तिला मंडळाच्या अब्रूचं काही पडलं नव्हतं. तिने फोन उचलून सरळ ९११ फिरवला.

पोलीस येईपर्यंत शीला जमिनीवर बसून होती, भिंतीला टेकून. कुणीतरी बर्फ रुमालात बांधून दिला होता. बायका जरा लांब उभ्या होत्या. जवळ यायला त्यांना लाज वाटत असावी, वाटायलाच हवी होती. बाहेर टॅक्सीवाल्याने दोनदा हॉर्न दिला.

दोन पोलीस आले. एकाने शरदचंद्रला बाजूला घेतलं. दुसरा, पोरसवदा चेहऱ्याचा, शीलासमोर गुडघ्यावर बसला. "मॅम, व्हॉट हॅपन्ड?"

तिने तोंड उघडलं, पण सुजलेल्या ओठांतून शब्द येईना. तेवढ्यात अध्यक्ष रवींद्र आपटे पुढे झाले. समारंभाची शाल अजून अंगावर होती. "ऑफिसर, आय अ‍ॅम द प्रेसिडेंट," ते हसून म्हणाले. "स्मॉल फॅमिली मॅटर. शी स्लिप्ड. सो मच स्नो टुडे, द फ्लोअर इज वेट."

तिसऱ्या रांगेपाशी जमीन कोरडी ठणठणीत होती. पोलिसाने जमिनीकडे पाहिलं, मग शीलाकडे. "इज दॅट राइट, मॅम?"

तोच प्रश्न, तेच शब्द. शीलाने आजूबाजूला पाहिलं. दीडशे चेहरे. कुणी साडीचा पदर बघत होतं, कुणी भिंतीवरचा आकाशकंदील. दहा-पंधरा मिनिटांपूर्वी सगळ्यांनी पाहिलेलं आता कुणीच पाहिलेलं नव्हतं. तिला वाटलं, संपलं. वाचून दाखवलं, डोळ्यांसमोर झालं, तरी शेवटी मी घसरलेच.

"नो."

जयंतीताई होत्या. त्या स्टेजवरून उतरून आल्या होत्या, अंक अजून हातात. आवाज तसाच खणखणीत होता. "शी डिड नॉट स्लिप," त्या आपल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाल्या. "ही बीट हर. ही ऑल्वेज बीट हर. आय नो. सिक्स इयर्स बिफोर शी केम इन माय किचन अँड टोल्ड मी." रवींद्र आपटे 'जयंतीताई' म्हणून मध्ये पडायला गेले, तर त्यांनी हातातला दिवाळी अंक त्यांच्या छातीवर रोखून त्यांना मागे सारलं. मग त्या शीलाच्या शेजारी जमिनीवर बसल्या, भरजरी साडीसकट, त्या रक्तात.

"आणि मी तुझ्या हातात लाडू ठेवले गं," त्या म्हणाल्या.

नंदन फुटका ओठ पुसत पुढे आला. "आय सॉ इट टू," तो म्हणाला. त्याच्यामागून त्याची बायको आली. मग आणखी कुणीतरी.

पोलिसाने वही काढली आणि शीलाला पुन्हा विचारलं, की तुमच्या तोंडून ऐकायचं आहे, तुम्ही घसरलात का. तिने तोंडातलं रक्त रुमालात थुंकलं आणि मान हलवली. "नो," ती म्हणाली. "नेव्हर."

मग जयंतीताईंचा हात धरून ती मराठीत म्हणाली, "मी एकदाही घसरले नाही, ताई. अस्वलाचं तेवढं खरं होतं."